फी माफ आहे, पण पैसे मार्चमध्ये येतात

धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात मी लिपिक आहे. शिष्यवृत्तीची खिडकी माझ्याकडे. पोरं मॅडम म्हणतात, त्यांचे वडील ताई म्हणतात, आणि दोघंही पहिला प्रश्न एकच विचारतात : फी किती? प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. फी कधी भरायची, परत कधी मिळणार आणि तोवर खायचं काय, हेही त्याच दिवशी विचारायला हवं. सार्वजनिक विद्यापीठाच्या साध्या पदवीला आपल्याकडे फी फार नसते, आणि कित्येकांना ती माफ असते. पोरगं दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून पुण्याच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागतं ते बहुतेक वेळा फीपायी नाही. माफीचे पैसे मार्चला येतात, कधी त्याहून उशिरा, आणि खोलीवाला जूनपासून भाडं मागतो, म्हणून. हे मधले महिने कसे निभवायचे ते डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिते आहे.

कॉलेज नंतर बघा, आधी तुकडी बघा

एकाच इमारतीत, एकाच जिन्यानं वर गेलं की डावीकडे बी.एस्सी.ची अनुदानित तुकडी असते आणि उजवीकडे बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सची विनाअनुदानित. डावीकडच्या प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून तिथली फी कमी. उजवीकडचा सगळा खर्च, पगारासकट, पोरांच्या फीतून. दोन्हींच्या फीत अनेक पटींचा फरक पडतो, आणि पालकांना तो पावती फाडल्यावर कळतो. माहितीपत्रक विकत घ्यायच्या आधीच विचारा, "ही तुकडी अनुदानित आहे का?" उत्तर "आमचं कॉलेज अनुदानित आहे" असं आलं, तर ते उत्तर नव्हे. पुन्हा विचारा.

अनुदानित जागा गुणवत्तेनं आधी भरतात. म्हणून बारावीच्या निकालानंतर पहिल्या आठवड्यात अर्ज टाका. मेडिकलचं किंवा इंजिनिअरिंगचं काय होतंय ते बघू, मग येऊ, असं म्हणणारे ऑगस्टमध्ये येतात आणि त्यांना उजवीकडची तुकडी मिळते.

बीबीए, बीसीए करायचं असेल तर २०२४ पासून त्यालाही सीईटी, म्हणजे राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा, लागू झाली आहे. सीईटी न देता "तसलाच कोर्स आहे" असं कुणी सांगत असेल, तर पदवीचं पूर्ण नाव लिहून मागा आणि त्या नावाला कोणती शिष्यवृत्ती लागू आहे ते महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, स्वतः बघा.

पावती वाचायला शिका

माझ्याकडे येणाऱ्या पालकांतले बहुतेक पावतीवरची शेवटची बेरीज तेवढी बघतात. वरच्या ओळी वाचा, सगळी मेख तिथं आहे. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, विद्यार्थी कल्याण, पात्रता शुल्क, ओळखपत्र, नियतकालिक, आपत्ती व्यवस्थापन, विकास निधी, अनामत. यातली काही रक्कम कॉलेज विद्यापीठाला भरतं, काही स्वतःकडे ठेवतं. अनामत परत मिळते. तिची पावती तीन वर्षं जपा. जाताना ती मागायला शंभरातली पाच पोरंसुद्धा येत नाहीत.

आता सरकार "फी माफ" म्हणतं तेव्हा यातल्या कुठल्या ओळी माफ? मुलींचंच घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. गावात बातमी पोचली ती "पोरींना सगळं फुकट" अशी. दोन ओळी फुकट आहेत. विकास निधी, वसतिगृह, मेस, पुस्तकं हे आपल्यालाच भरायचंय. आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा, खासगी विद्यापीठ किंवा खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठ असेल तर या योजनेचा काही उपयोग नाही. कॉलेजच्या नावात "विद्यापीठ" दिसलं की ते सरकारी, असा समज घेऊन माणसं येतात. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली ते येतं का, एवढं आधी तपासा.

मुलांना खुल्या प्रवर्गात राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. मर्यादा तीच ८ लाखांची, माफी निम्मी. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना. या मुलांकडून प्रवेशाच्या वेळी निम्मंच शिक्षण शुल्क घ्यायचं असतं. पूर्ण भरा, मग परत देऊ, असं कॉलेज म्हणालं तर ते लेखी मागा. लेखी मागितलं की बरीच कॉलेजं निम्म्यावर येतात, हे खिडकीच्या आतून सांगते.

अनुसूचित जातीच्या मुलांना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे नुसती फीमाफी. शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. दोन्ही एकदम येत नाहीत. केंद्राचा वाटा थेट मुलाच्या खात्यात पडतो आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. पोराला वाटतं, आपलेच पैसे. मोबाईल येतो, गाडीचा हप्ता जातो, आणि परीक्षेचा फॉर्म भरताना थकबाकी समोर येते. पैसे पडल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी लिपिकाला विचारा, यात माझे किती आणि कॉलेजचे किती.

कागद बारावीतच काढा

जातीचा दाखला हातात असणं आणि जात वैधता प्रमाणपत्र हातात असणं यात बरेच महिने असतात. वैधतेचा अर्ज बारावीत शिकत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्क्यानं जिल्हा पडताळणी समितीकडे करता येतो. तेव्हाच करा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांचं तर त्याशिवाय पानही हलत नाही.

समिती बघते तो पुरावा ठरावीक तारखेच्या आधीचा लागतो : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे वडिलांचा टीसी बहुधा पुरत नाही. आजोबांच्या शाळेत जाऊन प्रवेश निर्गम रजिस्टरचा उतारा काढावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबा, आत्या, तहसीलमधली जन्म-मृत्यूची जुनी नोंद, कोतवाल बुकाची नक्कल. सख्ख्या काकाला किंवा मोठ्या भावाला वैधता मिळालेली असेल तर तिची प्रत जोडा, काम निम्म्यावर येतं. दिवाळीत पाहुणे जमतात तेव्हा वंशावळ लिहून घ्या. जूनमध्ये कुणाला फोन लागत नाही.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून तो एप्रिलमध्ये नव्यानं काढा. तलाठ्याचा अहवाल, सात-बारा, शिधापत्रिका घेऊन सेवा केंद्रात जा. लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत १५ दिवसांची आहे. पोचपावती हातात असू द्या, त्यावर तारीख असते. निकालानंतर गेलात तर अख्खा तालुका तुमच्या पुढं रांगेत असतो. इतर मागास असाल तर नॉन-क्रीमीलेअरचंही याच वेळी उरकून घ्या.

आणि नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर "दत्तात्रय", आधारवर "दत्ता", बँकेत "दत्तात्रेय". माणूस एक, संगणकाला तिघे. दहावीचं प्रमाणपत्र धरून बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या, उलटं करू नका. आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा आणि तो नंबर चालू हवा. ओटीपी आईच्या बंद पडलेल्या सिमवर जातो म्हणून खिडकीपाशी रडलेली पोरं मी पाहिली आहेत.

बँक खातं : सगळ्यात जास्त पैसे इथं अडकतात

महाडीबीटीचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत. ते आधारवर जातात. आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं गेलं, त्या बँकेतल्या खात्यात पैसे पडतात. तुम्ही पासबुकाची झेरॉक्स कुठलीही जोडा.

आमच्याकडे नेहमी घडतं ते सांगते. पोराला शाळेत असताना गणवेशाच्या पैशांसाठी शून्य शिलकीचं खातं काढून दिलेलं असतं. पुढं कुणी तरी सिमकार्ड घेताना अंगठा लावून पेमेंट बँकेचं खातं उघडून देतो, पोराला पत्ताही नसतो. कॉलेजात आल्यावर तिसऱ्या बँकेत खातं काढतात. आता पैसे गेले तर त्या सिमवाल्या खात्यात, आणि पोरगं चार महिने तिसऱ्या बँकेत खेटे घालतं. किंवा शाळेचं खातं व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय झालेलं असतं, आणि पैसे आल्या पावली परत जातात.

उपाय पाच मिनिटांचा आहे. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्याची, स्थिती बघा. तिथं बँकेचं नाव आणि "सक्रिय" असं दिसायला हवं. बँक भलतीच असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथं जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडण्याचा अर्ज द्या. "केवायसी झालंय" असं काउंटरवरचा माणूस म्हणेल. केवायसी वेगळं, हे वेगळं. आठवड्यानं पुन्हा स्थिती बघा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा. हे काम अर्जाच्या आधी करा. अर्ज मंजूर झाल्यावर करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

अर्ज भरल्यानंतरचं काम

अर्ज भरायला सेवा केंद्रवाला पैसे घेतो, घेऊ द्या. पण युजरनेम आणि पासवर्ड तुमच्या वहीत लिहिलेला हवा. केंद्रवाल्याच्या वहीत नव्हे. भरताना वसतिगृहात राहता की घरून येता-जाता, हा रकाना नीट भरा, निर्वाह भत्त्याचा दर त्यावर ठरतो.

अर्ज पाठवला म्हणजे संपलं, असं समजू नका. तो आधी माझ्यासारख्या लिपिकाच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या. कुठंही खोट निघाली की तुमच्याकडे परत पाठवला जातो, आणि तसा फोन कुणी करत नाही. मेसेज येतो तो त्याच बंद सिमवर. म्हणून दर शनिवारी लॉगिन करून स्थिती बघायची. "परत पाठवला" असं दिसलं तर कारण वाचा, दुरुस्त करा, पुन्हा पाठवा आणि खिडकीवर येऊन सांगा. सांगितल्याशिवाय तो शेकडो अर्जांच्या ढिगात पुन्हा तळाशी जातो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरायचा असतो, तो आपोआप होत नाही. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की आमचे हात बांधलेले असतात.

महाडीबीटीशिवाय एक केंद्राची शिष्यवृत्ती आहे, तिच्याकडे आमच्या भागातलं कुणी बघतच नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीची तीन वर्षं दरवर्षी १२,००० रुपये आणि पदव्युत्तरला २०,००० रुपये. दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही. पण ज्यांची जेमतेम फीच माफ होते त्या पोरांनी दोन्ही रकमा कागदावर मांडून बघाव्यात.

राहायचं आणि खायचं

पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं आणि मेस लावायची, तर महिन्याला किती लागतात ते ज्यांचं पोरगं तिथं आहे अशा दोन घरी विचारा, आणि त्यात हजार मिळवा. वर्षाची बेरीज केली की कळतं, तीन वर्षांची फी एकीकडे आणि सहा महिन्यांची मेस एकीकडे.

म्हणून माझं स्पष्ट मत : पदवी जवळ करा, पदव्युत्तर शिक्षणाला लांब जा. गावातून एसटीनं जाऊन-येऊन बी.ए., बी.एस्सी. होते. विद्यार्थी पासाला भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. पुढं एम.ए., एम.एस्सी.ला थेट विद्यापीठाच्या विभागात जा. तिथली फी कॉलेजच्या विनाअनुदानित एम.एस्सी.पेक्षा कमी, प्रयोगशाळा बरी, ग्रंथालय रात्रीपर्यंत उघडं, आणि आवारात वसतिगृह. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं उपकेंद्र धाराशिवला आहे, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचं लातूरला. आधी तिथं काय शिकवतात ते बघा. उगीच पुणे-पुणे करू नका.

लांब जावंच लागलं तर समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज पहिल्या दिवशी करा. नंबर लागला नाही तर ती यादी जपून ठेवा, कारण पुढचा अर्ज तिच्या जोरावर होतो. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये : भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. इतर महसुली विभागाच्या शहरांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. भाडेकरार लागतो, घरमालक तो द्यायला कुरकुर करतो. खोली ठरवतानाच "करार द्याल का" हे विचारा, डिपॉझिट दिल्यावर नाही. आणि हे पैसेसुद्धा मागाहूनच येतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर जूनचं भाडं ठरवू नका.

जून ते मार्च भागवायला हक्काची एकच सोय मला माहीत आहे : कमवा आणि शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पोरांनी राबून शिकावं हे रुजवलं. आज राज्यातल्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत ती योजना आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, बागकाम, कार्यालयात नोंदी, दिवसाला दोन-तीन तास. तासाचा दर बघून पोरं नाक मुरडतात. पण ते पैसे दरमहा येतात आणि मेसचं बिल बऱ्यापैकी निघतं. विद्यार्थी विकास विभागात जुलैतच नाव द्या, जागा मोजक्या असतात. कॉलेजातही योजना चालते, फक्त फलकावर लागत नाही, विचारावं लागतं.

नोकरी सोडून शिकणं जमतच नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ चं, राज्य सरकारचं, पदवी इतर पदव्यांइतकीच वैध. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

प्रवेश बदलायचा झाला तर

दुसरीकडे नंबर लागला आणि पहिलं कॉलेज फी परत देईना, मूळ कागदही देईना, ही तक्रार दर ऑगस्टला असते. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना सांगते : प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर फी शंभर टक्के परत, प्रक्रियेसाठी फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आतच कापायचे. १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, त्यानंतर काही नाही. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायची नाहीत. सीईटीच्या प्रवेशांचे नियम वेगळे आहेत, ते त्या-त्या माहितीपुस्तिकेत बघा. तोंडी रद्द केलं म्हणू नका. अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. टक्केवारी त्या तारखेवर ठरते.

कर्ज

साध्या पदवीसाठी काढू नका. व्यावसायिक अभ्यासक्रमाला लागलंच तर आधी केंद्राचं शैक्षणिक कर्जाचं पीएम विद्यालक्ष्मी पोर्टल बघा. तिथल्या यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल तर तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना ३ टक्के व्याज सरकार भरतं. आपलं कॉलेज यादीत आहे का, हे प्रवेशाआधी बघायचं. सावकार, फायनान्सवाले आणि "प्रवेशासोबत कर्जही करून देतो" म्हणणारा एजंट, तिघांनाही दारातूनच वाटेला लावा.

कुणी ऐकेना तर

आधी प्राचार्यांना लेखी. मग प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिला. तिनं दाद दिली नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे. २०२३ च्या नियमांनी ही सोय केली आहे. शिष्यवृत्तीचं असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, खुल्या प्रवर्गाचं असेल तर उच्च शिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांकडे. अर्जात अर्ज क्रमांक, वर्ष, योजनेचं नाव आणि सीडिंगच्या पडद्याचा तो फोटो जोडा. "मी फार गरीब आहे" याची दोन पानं लिहू नका, ती कुणी वाचत नाही. क्रमांक असला की टेबलावरच्या माणसाला तो टाकून बघावाच लागतो.